पदकाआधी संघ

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूच्या शारीरिक क्षमतेची तपासणी करून त्याला १ ते ४.५ यांच्या दरम्यान एक वर्गगुण दिला जातो. ज्याचा पोटापाठीच्या स्नायूंवर ताबा नाही, खुर्चीत तोल सावरायलाही ज्याला हातांचाच आधार लागतो, त्याचा वर्गगुण १. ज्याच्या एका पायात दोष आहे, पण ज्याचे धड चहूबाजूंना मोकळेपणाने वळते, त्याचा ४.५. कोर्टवर एका वेळी उतरणाऱ्या पाच जणांच्या वर्गगुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४.५ चे तीन खेळाडू घेतले की बेरीज १३.५ होते आणि उरलेल्या दोघांना जागाच राहत नाही. दोनच घेतले, तर बाकीच्या तिघांसाठी मिळून पाच गुण उरतात; म्हणजे तिथे १ आणि २ वर्गगुणाची माणसे लागतातच. ज्यांचे अपंगत्व सर्वांत तीव्र, त्यांच्यावाचून संघच होत नाही, अशी ही रचना आहे. प्रशिक्षक त्यांना दयेपोटी घेत नाही. त्याला अशी माणसे शोधत हिंडावे लागते. कोर्टवरही त्यांचे काम मोलाचे असते. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आपली खुर्ची आडवी घालून सहकाऱ्याला रिंगपर्यंत रस्ता मोकळा करून देणे, हे काम बहुधा कमी वर्गगुणाचा खेळाडूच करतो.

बाकी खेळ आपल्या ओळखीचाच आहे. रिंग तीच, दहा फूट उंच; मैदान तेच, २८ बाय १५ मीटरचे. चेंडू मांडीवर ठेवून चाके दोनदा ढकलता येतात, त्यानंतर चेंडूचा टप्पा पाडावा लागतो, पास द्यावा लागतो किंवा रिंगकडे फेकावा लागतो. नियम, वर्गवारीची पद्धत, खुर्चीची निगा आणि सरावाचे वेळापत्रक यांची माहिती पुढील प्रकरणांत येईलच. प्रस्तावनेत मला एका वेगळ्या प्रश्नाचा विचार करायचा आहे : हा खेळ कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत का आणावा? माझे उत्तर असे आहे की दिव्यांगांच्या खेळाचे मोजमाप आपण आजवर पदकांनी करत आलो आणि त्या मापाने जिल्ह्याची खरी स्थिती कधीच कळत नाही. पदक एखाद्याच्या विलक्षण जिद्दीवर येऊ शकते. संघ मात्र उतार, रस्ता, खुर्ची, शौचालय, गाडीभाडे आणि प्रशिक्षक यांची सोय असल्याशिवाय उभा राहत नाही. म्हणून जिल्ह्यात व्हीलचेअर बास्केटबॉलचा एक संघ दर आठवड्याला नेमाने खेळतो का, हा प्रश्न त्या जिल्ह्याने आपल्या दिव्यांग नागरिकांसाठी काय केले आहे हे पाहण्याची सर्वांत प्रामाणिक कसोटी आहे.

या खेळाचा जन्मच मुळी व्यवस्थेच्या पोटी झाला. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले सैनिक अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत १९४६ च्या सुमारास खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळू लागले. तिकडे इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये मणक्याच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्या काळी कमरेखालचा भाग लुळा पडलेला माणूस फार तर काही वर्षे जगेल, असे धरले जाई. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्याचा घास घेत. गुटमन यांनी रुग्णाला ठरावीक वेळाने कूस बदलून देण्याची शिस्त लावली आणि तिच्या जोडीला खेळ आणला. हात, खांदे, धड यांची ताकद वाढावी, तोल साधावा आणि माणूस पुन्हा माणसांत यावा, हा त्यांचा हेतू होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी सोळा जायबंदी स्त्री-पुरुष सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्या उपक्रमातून १९६० मध्ये रोमचे पहिले पॅरालिंपिक झाले आणि त्यात व्हीलचेअर बास्केटबॉल होते. रुग्णालयापासून स्टेडियमपर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांत झाला, कारण रुग्णाची शुश्रूषा करणारी संस्थाच त्याच्या हातात चेंडू देत होती.

आपल्याकडचे पहिले मोठे उदाहरणही हेच सांगते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पुढे २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावे अशीच ती कामगिरी आहे; पण त्या जिद्दीच्या पाठीशी लष्करी रुग्णालय होते, उपचाराचा भाग म्हणून पोहायला लावणारे वैद्यकीय ज्ञान होते, पाण्याचा तलाव होता, हेही तितकेच खरे. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून मणक्याच्या इजेने अपंग झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे आणि तिथे उपचार, रोजगार आणि खेळ एकाच आवारात चालतात. सैनिकाला जे मिळते ते बीदरच्या भालकी तालुक्यात झाडावरून पडलेल्या शेतमजुराला का मिळू नये? त्याचा मणका सैनिकाच्या मणक्याइतकाच मोडलेला असतो आणि त्याच्या खांद्यांत तितकेच बळ उरलेले असते. दोघांत फरक पडतो तो इजेनंतर त्यांच्याभोवती काय उभे राहते याचा.

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली. त्यांपैकी १७ ॲथलेटिक्समधील होती. सांगली जिल्ह्यातल्याच करगणीचे सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्य आणले. कर्नाटकाकडे पाहिले, तर हासन जिल्ह्यातील गिरीश नागराजेगौडा यांनी २०१२ मध्ये लंडनला उंच उडीत रौप्य मिळवले आणि त्याच्या कितीतरी आधीपासून मालती होळ्ळा खुर्चीत बसून देशासाठी पदके आणत होत्या. या सर्वांचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये भारत आजवर एकदाही पॅरालिंपिकपर्यंत पोहोचलेला नाही, याचाही अर्थ लावला पाहिजे. पॅरिसचा गोळाफेकपटू एका प्रशिक्षकाबरोबर, एका मैदानात, एकट्याने घडू शकतो. बास्केटबॉलचा संघ घडवायला बारा खेळाडू, पुरेशा खुर्च्या आणि खेळायला दुसरा संघ लागतो. आणि त्या साऱ्यांना एका ठिकाणी, पुन्हा पुन्हा यावे लागते. २०१४ च्या सुमारास, चेन्नईत बँकेत नोकरी करणाऱ्या पॅरा-जलतरणपटू माधवी लता यांच्या पुढाकाराने व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली आणि राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू यांचे संघ त्यांत उतरतात. तरीही खेलो इंडिया पॅरा गेम्सच्या २०२३ आणि २०२५ च्या दोन्ही स्पर्धांत या खेळाला स्थान नव्हते. पदकांच्या हिशेबाने आखलेल्या क्रीडाधोरणात संघाचा खेळ मागे पडतो, तो असा.

दिव्यांगांचा सांघिक खेळ आपल्या मातीत रुजतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याचे उत्तर कर्नाटकानेच दिले आहे. अंधांच्या क्रिकेटचे देशातील मुख्य केंद्र बेंगळुरू आहे. या खेळात चेंडूत छर्रे असतात, तो खालून सरपटत टाकतात आणि अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध खेळाडू असावे लागतात. सर्वांत जास्त अडचण असलेल्याला अपरिहार्य करणारा नियम इथेही आहे. समर्थनम् ट्रस्टसारखी संस्था पाठीशी राहिली, शाळाशाळांतून मुले शोधली गेली, आणि शिवमोग्गा भागातील शेखर नाईक यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१२ मध्ये बेंगळुरूतच अंधांचा टी-२० विश्वचषक जिंकला. २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा कर्णधार होती कर्नाटकाचीच दीपिका टी. सी. खेड्यातल्या, गरीब घरच्या मुलींचा संघ जगज्जेता होऊ शकतो. त्यासाठी वर्षानुवर्षे सराव चालू ठेवणारी व्यवस्था हवी.

आता बीदर-कलबुर्गीकडे वळू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलुखात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. मराठी, कन्नड, उर्दू या तिन्ही भाषा इथल्या बाजारात एकाच वेळी चालतात. राजधानी बेंगळुरू बीदरहून रस्त्याने सुमारे सातशे किलोमीटरवर. या भागाचे मागासलेपण मान्य करूनच घटनेत कलम ३७१-जे आले आणि कलबुर्गीला प्रादेशिक विकास मंडळ बसले. २०११ च्या जनगणनेनुसार बीदर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख आणि कलबुर्गीची सुमारे २५ लाख ६६ हजार. देशातील दिव्यांगांचे २.२१ टक्के हे सरासरी प्रमाण लावले, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९४ हजारांच्या आसपास दिव्यांग व्यक्ती धरायला हरकत नाही. देशभरात त्यांतील पाचवा हिस्सा चालण्या-फिरण्याच्या अपंगत्वाचा आहे. म्हणजे इथेही अठरा-एकोणीस हजार माणसे. त्यांत लहान मुले आणि म्हातारी माणसे आहेत, हे धरून शंभरात एकच खेळाडू मोजला, तरी एकशेऐंशी-एकशेनव्वद खेळाडू होतात. खेळाडूंची कमतरता नाही. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला. त्या रोगाने पाय गेलेली पिढी आता तिशी-चाळिशीच्या पुढे आहे. नवे खेळाडू येतील ते महामार्गावरच्या अपघातांतून, झाडावरून आणि विहिरीत पडण्यातून, विजेच्या धक्क्यातून. तरणीताठी, कालपर्यंत कमावती असलेली ही माणसे इजेनंतर घराच्या एका खोलीत जातात आणि तिथेच राहतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा. ज्याला महिन्याचे निवृत्तिवेतन वेळेवर मिळत नाही, ज्याच्या हाताला काम नाही, त्याला चेंडू देऊन काय उपयोग? हा आक्षेप आपुलकीतून येतो आणि म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मणक्याची इजा झालेल्या माणसाला कामावर जायचे असेल, तर आधी त्याला खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून गाडीत स्वतःहून सरकता आले पाहिजे. दिवसभर बसता आले पाहिजे. घराबाहेर पडण्याची भीती गेली पाहिजे. हे सगळे खेळातून येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माहिती. लघवीची पिशवी कशी सांभाळावी, शय्याव्रण पहिल्या लाल डागावरच कसे ओळखावे, युनिक डिसॅबिलिटी कार्डासाठी कुठे जावे, कोणत्या सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षणाची जागा निघाली आहे, हे दिव्यांग माणसाला सर्वांत चांगले दुसरा दिव्यांग माणूसच सांगतो, आणि ती दोघे भेटण्याची जागा आज आपल्याकडे जवळजवळ नाही. भाकरी आणि खेळ यांत निवड करायला लावणे अन्यायाचे आहे, कारण धडधाकट मुलाच्या बाबतीत आपण तशी निवड कधी करत नाही. त्याच्या शाळेला मैदान हवे हे आपण गृहीत धरतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. खेळाची खुर्ची रुग्णालयातल्या घडीच्या खुर्चीहून वेगळी असते. तिची मोठी चाके वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरपी बसवलेली असतात, त्यामुळे ती जागच्या जागी गर्रकन वळते आणि दोन खुर्च्या एकमेकींवर आदळल्या तर हात चिरडत नाहीत. मागे एक छोटे चाक असते, ते खुर्ची उलटू देत नाही. परदेशी बनावटीची अशी खुर्ची काही लाखांना पडते. पण ही खुर्ची व्यक्तीची असावी लागत नाही, मैदानाची असली तरी चालते. तालमीतल्या गदा-मुद्गलासारखी ती सर्वांची राहू शकते. दहा खुर्च्यांवर वेगवेगळ्या वेळी तीन संघ सराव करू शकतात. चाकांचे आरे, ट्यूब, टायर ही कामे सायकल दुरुस्त करणारा करू शकतो आणि चौकटीचे सांधे वेल्डर जोडू शकतो. असे कारागीर बीदर, हुमनाबाद, आळंद या प्रत्येक गावात आहेत. मद्रास आयआयटीतून सक्रिय वापराच्या हलक्या खुर्च्या निघू लागल्या आहेत, त्यामुळे देशी बनावटीचा पर्यायही दूर राहिलेला नाही. खर्च अडतो तो आकड्यापेक्षा लेखाशीर्षावर : रस्ता आणि इमारत यांच्या लेखाशीर्षाखाली याहून कितीतरी मोठ्या रकमा या जिल्ह्यांत सहज मंजूर होतात.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खेळाडू आहेत, पण ते विखुरलेले आहेत. मांजरेच्या काठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात धडधाकट माणसाचे पाऊल रुतते. तिथे खुर्चीची पुढची छोटी चाके कशी निघावीत? औरादच्या खेड्यातून बीदरच्या नेहरू स्टेडियमपर्यंत बसने यायचे, तर बसची पायरीच पहिला अडथळा. या अडचणीला मी कमी लेखत नाही. पण तिच्यावरचा एक उपाय खेळातच तयार झाला आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत व्हीलचेअर बास्केटबॉल प्रथमच तीन विरुद्ध तीन अशा स्वरूपात खेळवला गेला. त्याला अर्धे मैदान आणि एकच रिंग पुरते. भालकीच्या कॉलेजात, बसवकल्याणच्या हायस्कुलात अशी एक रिंग आणि सिमेंटचा चौथरा असला, तर तालुक्यात खेळ सुरू होऊ शकतो. दुसरा उपाय असा की कॅनडासारख्या देशांत देशांतर्गत सामन्यांत धडधाकट खेळाडूही खुर्चीत बसून खेळतात. खेळाडू कमी पडले, तर भाऊ, बहीण, वर्गमित्र खुर्चीत बसू शकतात आणि सराव थांबत नाही. तिसरा उपाय या भागाच्या नकाशातच आहे. औरादपासून देगलूर आणि उदगीर, आळंदपासून अक्कलकोट आणि सोलापूर, हुमनाबादपासून तेलंगणातले जहीराबाद हे सारे बेंगळुरू किंवा मुंबईच्या मानाने दारातच आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत बीदरचा खेळाडू कर्नाटकाकडून खेळेल आणि लातूरचा महाराष्ट्राकडून. पण वर्षभरातल्या मैत्रीच्या सामन्यांना राज्याची हद्द आड येत नाही. सीमाभागाकडे आपण बहुधा वादाचा प्रदेश म्हणून पाहतो. दिव्यांगांच्या खेळासाठी हाच प्रदेश सर्वांत सोयीचा आहे, कारण तीन राज्यांतले संघ एका दिवसात येऊन-जाऊन खेळू शकतात.

चौथा आक्षेप विचारवंतांचा आहे. दिव्यांगांचे वेगळे खेळ भरवले, तर त्यांना आपण समाजापासून आणखी वेगळे पाडत नाही का? वेगळेपणा खेळात नसतो, तो भिंतींत असतो. गावाबाहेरच्या संस्थेच्या आवारात वर्षातून एकदा, जागतिक दिव्यांग दिनी, खुर्ची-शर्यत भरवून बक्षीस वाटले, तर ते वेगळे पाडणेच आहे. त्याच जिल्हा स्टेडियमवर, जिथे कबड्डी आणि व्हॉलीबॉल चालतात, ठरलेल्या वारी संध्याकाळी व्हीलचेअर बास्केटबॉल चालला, तर तो गावाच्या डोळ्यांसमोरचा खेळ होतो. मुलींच्या बाबतीत याचे महत्त्व दुप्पट आहे. दिव्यांग मुलीला घराबाहेर पाठवायला आईवडील धजत नाहीत. त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण दार लागलेले स्वच्छ शौचालय, बरोबर येणाऱ्या बाईचे गाडीभाडे आणि दिवसाउजेडी सराव एवढ्या तीन गोष्टी केल्या, तर ही भीती बरीच ओसरते. या तिन्ही गोष्टी प्रशासनाच्या हातातल्या आहेत.

आणि प्रशासनाला त्या करायच्याच आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, आणि त्याच्या कलम ३० ने क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करणे, त्यासाठी निधी ठेवणे आणि त्यांच्या स्पर्धा भरवणे ही सरकारची जबाबदारी ठरवली. अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन त्याच कायद्यात आहे. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले की सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक राहू शकत नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. तेव्हा जिल्हा पंचायतीकडे किंवा क्रीडा खात्याकडे मैदानाचा उतार मागणारा माणूस मेहेरबानी मागत नसतो. कर्नाटकात गावपातळीवर दिव्यांगांसाठी काम करणारे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आहेत. कोणत्या घरात कोण आहे, याची यादी त्यांच्यापाशी असते. त्या यादीतून खेळू शकणारी माणसे शोधणे, हे या कामाचे पहिले पाऊल ठरावे.

ही पुस्तिका वाचणाऱ्या शिक्षकांना, क्रीडाधिकाऱ्यांना, डॉक्टरांना आणि मुख्यतः दिव्यांग तरुण-तरुणींना म्हणूनच माझे सांगणे आहे की आरंभ छोटा करा, पण तो संघाचा करा. एका रिंगपासून, तीन विरुद्ध तीन खेळाडूंपासून, सहा खुर्च्यांपासून सुरुवात होऊ शकते. मैदानाच्या दारात पायरी असेल तर तिथे उतार मागा, शौचालयाचे दार खुर्चीहून अरुंद असेल तर ते रुंद करून घ्या, आणि ते होईपर्यंत मागणी सोडू नका. संघासाठी केलेली ही प्रत्येक सोय न खेळणाऱ्या हजारोंनाही दवाखान्यात, कचेरीत, मतदान केंद्रात कशी हवी आहे, हे त्यातून गावाला कळेल. उद्या या जिल्ह्यांतून एखादा खेळाडू देशाच्या संघात गेला, तर आनंदच आहे. परंतु बीदर आणि कलबुर्गी यांनी आपल्या कामाचा निवाडा त्याच्या पदकावर सोपवू नये. ज्याचा वर्गगुण १ आहे, जो हातांच्या आधारावाचून खुर्चीत सरळही बसू शकत नाही, असा माणूस आपल्या घरातून निघून दर आठवड्याला मैदानावर पोहोचतो आणि त्याच्यावाचून संघ उतरू शकत नाही, ही स्थिती आली की या जिल्ह्यांत खेळ रुजला असे मानावे.